वाजत राहिलेलं यंत्र

“राजू, गोठ्यात दाराशी तांब्या पुरलाय. कमरेइतका खोल. तो आपला नव्हे. हुसेनबी मणेरनीची ठेव आहे. तिच्या लेकीच्या हातात नेऊन दे. आणि भूपालला सांगू नकोस.”

आत्तींचा आवाज तेव्हा इतका बारीक झाला होता की मला कान त्यांच्या ओठांपाशी न्यावा लागला. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. भूपाल म्हणजे त्यांचा थोरला मुलगा, आमचे हे.

“त्यांना का नको?” मी विचारलं.

“आधी त्याला भांडं दिसेल, मग मणेरनीचं नाव ऐकू येईल. माझंच पोरगं आहे. वाईट नाही, पण भरवसा नाही.”

“मग तुम्हीच का नाही आत्ती, इतकी वर्षं...”

“तुझे मामंजी जाताना मला सांगून गेले. तेव्हापासून रोज त्या दारातनं शेण काढतेय आणि रोज उद्या म्हणतेय. मला धीर झाला नाही. तू तसं करू नकोस. होय म्हण.”

मी होय म्हटलं. माझं सत्याचं व्रत आहे हे त्यांना ठाऊक होतं. लग्नाआधीपासून आहे. होय म्हटलं की माझ्या बाजूनं ते काम झाल्यातच जमा, असं आत्ती लोकांना सांगत असत. त्यांनी डोळे मिटले, आणि दोन-तीन दिवसांत त्या गेल्या. तेव्हा ज्येष्ठ महिना होता.

आषाढात बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुनिमहाराज चातुर्मासाला आले. दरवर्षीप्रमाणे मी श्रीफळ घेऊन गेले, हात जोडले आणि दरवर्षीचाच नियम घेतला. चार महिने माती खणणार नाही, कुणाला खणायला सांगणार नाही, कुणी खणत असेल तर त्याला बरं म्हणणार नाही. मातीत जीव असतात. पावसाळ्यात तर ओंजळभर मातीत गाव असतं. महाराजांनी मोरपिसांची पिंछी माझ्या डोक्यावर धरून आशीर्वाद दिला. मी प्रसन्न मनानं बस्तीच्या पायऱ्या उतरले आणि शेवटच्या पायरीवर मला गोठा आठवला.

तिथंच खाली बसले. शेजारच्या चौगुल्यांच्या सुनेनं विचारलं, “काकी, चक्कर आली काय?” मी म्हटलं, “नाही गं, व्रत घेतलं.”

आता घेतलेला नियम परत कसा करायचा? आणि महाराजांना काय सांगायचं, की मला एक तांब्या उकरायचाय? ठेव एवढी वर्षं थांबली, कार्तिकापर्यंत थांबेल, अशी मी मनाची समजूत घातली. म्हणजे आत्तींचं ‘उद्या’ मी चार महिन्यांचं केलं.

पण आत्ती शेवटच्या तापात नुसतं माझ्याशीच बोलल्या नव्हत्या. शुद्ध हरपल्यावर ‘तांब्या... रुपये...’ असं पुटपुटत राहिल्या होत्या, आणि तेव्हा उशाशी दोन्ही मुलगे बसले होते. धाकटे श्रेणिकभाऊजी पिंपरीला कारखान्यात साहेब होते. बाराव्याच्या जेवणातच त्यांनी ह्यांना कोपऱ्यात घेतलं. “दादा, आईच्या बोलण्यात काहीतरी आहे.” हे म्हणाले, “तापातलं बोलणं ते.” आणि दोघंही आपापल्या परीनं कामाला लागले.

श्रावणात एके दिवशी हे इचलकरंजीहून टेंपोतून एक भलीमोठी लाकडी चौकट घेऊन आले. खाटेएवढी चौकट, तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे, एक पेटी आणि ट्रॅक्टरची बॅटरी. बरोबर बाबू मिस्त्री होता, पाण्याच्या मोटारींना तार भरून देणारा. चहा घेताना तो ह्यांना समजावत होता आणि मी आतून दूध गाळत ऐकत होते.

“मालक, आधीच सांगतो. हे सुई शोधायला न्हाई. एकटं नाणं ह्याला दिसतच न्हाई, मग ते वर ठेवा न्हाईतर खाली. पण हंडा-कळशी असंल, भांडं असंल, तर कमरंखालनं हाक मारतंय. लोखंड का चांदी ते मात्र सांगणार न्हाई. नुसतं बोंबलणार.”

“कळलं, कळलं,” हे म्हणाले. त्यांचं लक्ष बशीतल्या चिवड्याकडे होतं. दुसऱ्यानं समजावून सांगितलेलं ह्यांनी कधी ऐकून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर एका दुपारी मी बस्तीतून परत आले तर हे ती चौकट ओढत गोठ्यातून बाहेर येत होते. घामाघूम झाले होते.

“गोठ्यात काय करत होता?”

“बॅटरी बघत होतो.”

“गोठ्यात?”

“सावली आहे तिथं,” म्हणाले, आणि चौकट माळ्यावर चढवून टाकली.

मी पुढं विचारलं नाही. त्यांनी मला काही विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, म्हणून मीही कुणाला काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. खरं बोलणाऱ्या माणसानं प्रश्नांपासून लांब राहावं.

भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या सुट्टीत, श्रेणिकभाऊजी आले. त्यांचं यंत्र पाहण्यासारखं होतं. काळ्या कातडी पिशवीतून निघालं, भाला जोडावा तसं जोडलं गेलं. खाली ताटलीएवढी चकती, वर काचेची पाटी, तिच्यावर आकडे. कानाला लावायचे गोळे वेगळे. परदेशातून येणाऱ्या कुणा मित्राकरवी मागवलं होतं.

“लोखंड असेल तर हा आकडा, तांबं असेल तर हा, चांदी असेल तर हा,” ते मला दाखवत होते. “वहिनी, हे खोटं बोलत नाही. तुमच्यासारखं.”

मला त्यांनी एक भेटही आणली होती. बोटात घालायचं, बटण दाबलं की आकडा पुढे सरकणारं, जप मोजायचं यंत्र. “माळ ओढून बोटं दुखत असतील,” म्हणाले. माणूस प्रेमळच. फक्त कुठलीही गोष्ट यंत्रातून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

ते हसत हसत पुढं म्हणाले, “बरं वहिनी, आई तुमच्याशी काही...”

मी पाणी गाळायच्या फडक्याचं गाळणं पिळत होते. हात थांबला.

“तिला काय विचारतोस?” हे ओसरीवरून ओरडले. “तिला देवळाबाहेरचं काय ठाऊक? मुंग्यांची नावं विचार तिला. इकडं ये, तुझं खेळणं बघू.”

भाऊजी हसले आणि ओसरीवर गेले. मी गाळणं पिळून वाळत घातलं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला बरंच काही म्हटलं होतं, पण परक्या घरून आलेल्या माणसासारखं ‘तिला’ म्हटलेलं त्या दिवशी लागलं. आणि दुसरीकडे सुटल्यासारखंही झालं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तेव्हाच कळलं.

ओसरीवर भांडण सुरू झालं होतं.

“दादा, ही काय खाट आणलीस? ह्याच्यावर झोपायचं का शोधायचं?”

“खोल जातंय ते. तुझं वीतभर जाऊन दमतंय.”

“वीतभर? हातभर जातं! पुस्तकात लिहिलंय.”

“पुस्तकात लिहिलेलं पुस्तकातच वाजतंय.”

शेवटी भाऊजींनीच तोडगा काढला. “दोन यंत्रं दोन गोष्टी सांगणार आणि आपण भांडत बसणार. त्यापेक्षा आधी परीक्षा घेऊ. एक नाणं पुरू. आधी वीतभर, मग हातभर. जे हरेल ते बांधून ठेवायचं, त्याचं नाव काढायचं नाही. जे जिंकेल ते सांगेल तिथंच खणायचं. कबूल?”

ह्यांनी थोडा वेळ घेतला. “कबूल.”

दुसऱ्या दिवशी शौचधर्माचा दिवस होता. लोभ हाच मनाचा मळ, तो धुऊन टाकावा, असं सकाळी बस्तीत पंडितांनी फार सुंदर समजावलं. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून ऐकत होते. भाऊजी तर माना डोलवत होते. घरी येऊन दोघांनी धोतरं बदलली आणि फावडं काढलं.

बाहेर भुरभुर पाऊस होता. परसात चिखल.

“गोठ्यात करू,” भाऊजी म्हणाले. “वर छप्पर आहे. जमीन कोरडी आहे.”

“गोठ्यात कशाला, शेणामुतात?” हे म्हणाले. “खळ्यावर करू. ताडपत्री बांधतो.”

“दादा, तू केव्हापासून शेणाला नाकं मुरडायला लागलास?”

“यंत्र खराब होईल तुझं.”

“माझं यंत्र पाण्यातसुद्धा चालतं. पुस्तकात लिहिलंय.”

गोठ्यात आमची एकच गाय होती. तिला बाहेर पेंढीच्या छपराखाली बांधलं. भाऊजींनी जागा हेरली. दाराच्या आतच, जिथं वाट म्हणून लोखंड-लक्कड काही पडलेलं नसतं, तिथं. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. तांब्याची जागा तीच.

“वहिनी, एक चांदीचा रुपया द्या. जुना. तुमच्या लग्नातला आहे ना?”

आता आली का पंचाईत. रुपया दिला तर खणण्याला हातभार लागला. नाही म्हटलं तर आहे त्याला नाही म्हटलं. मी खाली बघत म्हटलं, “मी देत नाही, भाऊजी. पण लाकडी डबा फळीवर आहे.”

“म्हणजे घेऊ?”

“डबा फळीवर आहे.”

भाऊजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. “हे काय असतं दादा?”

“नियम असतो,” हे म्हणाले. “तिनं फक्त भूगोल सांगितला. जा, घे.”

मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावला.

पहिला खड्डा वीतभर. ह्यांनी फावडं मारलं की मी केळीचं ओलं पान घेऊन वाकायची. उघड्यावर आलेली गांडुळं पानावर घेऊन केळीच्या बुंध्याशी सोडून यायची. नियमात खणू नये असं होतं, वाचवू नये असं नव्हतं. रुपया ठेवला, माती लोटली. भाऊजींनी चकती फिरवली. टुणुक, असा गोड आवाज आला आणि पाटीवर आकडा उमटला. “चांदी!” ते ओरडले. मग ह्यांनी चौकट धरली. दोन्ही बाजूंनी दोघांनी उचलून जमिनीवर धरली, पेटीचा खटका दाबला. घुईंऽऽ असं घशातून आवाज काढल्यासारखं यंत्र वाजलं.

“बरोबरी,” भाऊजी म्हणाले.

मी पान हातात घेऊन तशीच थांबले. एकटं नाणं ह्याला दिसतच न्हाई. बाबू मिस्त्रीचं वाक्य माझ्या कानात होतं. मग हे वाजलं कशाला?

ह्यांच्याकडे पाहिलं. ते कपाळाचा घाम पुसत होते.

दुसरा खड्डा हातभर. रुपया तळाशी, वर माती, ती पायानं दाबली. भाऊजींनी चकती फिरवली. गप्प. कानाला गोळे लावले, हळू फिरवली, जोरात फिरवली, पाटीवरची बटणं दाबली. गप्प. मग चौकट धरली. घुईंऽऽ.

“बघ,” हे म्हणाले. पण आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता.

“ओली माती आहे म्हणून,” भाऊजी कुरकुरले. “पुन्हा.”

त्याच वेळी फाटकातून हाक आली. “भाबी, बांगड्या भरायच्या काय?”

खैरून होती. हुसेनबीची लेक. डोक्यावर बांगड्यांची पाटी, तिच्यावर मेणकापड. आईच्या मागं तीच गावोगाव फिरायची. गुडघा धरून गोठ्याच्या कट्ट्यावर बसली. पाटी खाली घेताना तिच्या तोंडून ‘या अल्ला’ निघालं.

“काय भूपालदादा, विहीर काढतासा काय गोठ्यात?”

“खजिना काढतोय,” भाऊजींनी चकती तिच्या पाटीवरून फिरवली. यंत्र गप्प राहिलं. “बघ, काचेला किंमत नाही म्हणतंय.”

“काच फुटल्यावर वाजतिया, भाऊ,” खैरून म्हणाली. “तवर गप बसतिया.”

भाऊजी खूश झाले. “सापडला ना, तर तुलाही कुरुंदवाडला बांगड्यांचं दुकान काढून देतो, चल.”

“द्याच. गुडघा गेलाय माझा. एस्टीवाला पाटी चढवून घेत न्हाई, म्हणतो माणसं बसवू का काच. ष्टँडजवळ एक खोकं मिळत हुतं, पण राहू द्या. आता अल्लानं वरनं टाकलं तरच.” मग माझ्याकडे वळली. “भाबी, हात आणा. आत्ती गेल्यापास्नं तुमचा हात सुनाच हाय.”

मी बसले. तिनं माझा हात हातात घेतला, बोटं दाबून दाबून मऊ केली, आणि हिरव्या बांगड्या एकेक चढवत गेली. माझं तोंड पाहून तिला वाटलं असेल मला दुखतंय.

“आत्तींनी मला कधी दारातनं रिकामी धाडली न्हाई,” ती म्हणत होती. “माझी आई हुबळीला दवाखान्यात गेली ती परतच आली न्हाई. तवा मी एवढीशी. तुमच्या आत्ती दर येळेला म्हणायच्या, खैरून, जरा थांब, तुझं एक काम हाय. आणि मग जवारी घालून धाडायच्या. काम काय ते कधी सांगितलंच न्हाई बाई.”

मी मान वर केली नाही. हे फावड्यावर हात ठेवून उभे होते. खैरूनच्या पाटीखालच्या चुंबळीकडे बघत होते का तिच्या गुडघ्याकडे, ते मला कळलं नाही.

मी बांगड्यांचे पैसे आणि थोडी ज्वारी दिली. ती गुडघा धरून उठली, ह्यांनी पुढं होऊन पाटी तिच्या डोक्यावर चढवून दिली. हे असं ह्यांनी कधी केलेलं आठवत नाही. ती गेली.

“दादा, आता एक शेवटची,” भाऊजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत कारखान्यातला साहेब जागा झाला होता. “उलटी परीक्षा. नाणं काढून घ्यायचं आणि खड्डा नुसता बुजवायचा. मग बघू तुझं खाटलं काय म्हणतंय.”

“ते कशाला?”

“कारखान्यात आम्ही हेच करतो. बरोबर उत्तर देणारा वेगळा आणि नेहमी होय म्हणणारा वेगळा.”

रुपया काढला. भाऊजी तो खिशात घालून गोठ्याच्या बाहेर, गाईपाशी जाऊन उभे राहिले. “दाब खटका!”

घुईंऽऽ.

भाऊजी पोट धरून हसू लागले. “नाणं माझ्या खिशात आणि ह्याची बोंब चालूच! दादा, हे यंत्र नाही, हा आपल्या गावचा सरपंच आहे! कशालाही हो म्हणतंय!”

यंत्र वाजतच होतं. तांब्या आमच्या पायांखालीच होता, कमरेइतक्या खोलवर. मला वाटलं आता हे ओळखणार. बाबू मिस्त्रीचं वाक्य ह्यांना आठवणार, फावडं उचलणार, आणि मला ‘खणू नका’ म्हणायचीही सोय नव्हती, कारण मग ‘का’ असं विचारलं असतं. तेवढ्यात ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग चौकटीला लाथ घातली.

“भंगार!” हे म्हणाले. “त्या बाबूनं फसवलं मला. टाक बाजूला.” आणि बॅटरीची तार उपटली. यंत्र गप्प झालं.

“म्हणजे हरलास?”

“हरलो. तुझ्याच यंत्रानं शोध.”

“लिहून देतोस?”

“अरे, हरलो म्हटलं ना, बाबा!”

मी मनात म्हटलं, ह्यांनी नेहमीसारखं ऐकूनच घेतलं नव्हतं. बाबू मिस्त्री सांगत होता तेव्हा चिवडा मोठा होता. आणि मी पंचपरमेष्ठींना हात जोडले, की एखाद्याचं न ऐकणंसुद्धा कुठंतरी कामाला येतं.

पुढचे दोन दिवस भाऊजींनी सगळं आवार पिंजून काढलं. चकती फिरायची, आकडा उमटायचा, आणि हे मुकाट्यानं खणायचे. घोड्याची नाल निघाली. विळा निघाला. सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं निघाली. आत्तींची हरवलेली तांब्याची जीभखरवडणी निघाली, तिच्यावर भाऊजींचे डोळे भरून आले. आत्तींची एवढीच वस्तू म्हणून ती त्यांनी खिशात ठेवली. गोठ्यातही त्यांनी एकदा चकती फिरवली. ती गप्प राहिली. हातभर जात होती ती, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

“काही नाही दादा,” जाताना ते म्हणाले. “आई तापातच बोलली. आता मनात शंका नको. एवढ्या चांगल्या यंत्रानं नाही म्हटल्यावर नाहीच.”

“तेच म्हणतोय मी,” हे म्हणाले.

“तुझं खाटलं विकून टाक.”

“तेच म्हणतोय.”

गावभर मात्र झालं. चौगुल्यांच्या ओट्यावर ह्यांना लोक विचारत, “भूपालण्णा, तुमचं यंत्र अजून वाजतंय काय?” माझा नवरा तसा चिडका. पण ते नुसतं “भंगार निघालं रे” म्हणत आणि पुढे जात. मला वाईट वाटायचं. खरं सांगितलं असतं तर त्यांची मान वर झाली असती. पण मला कुणी विचारलंच नाही. चार महिन्यांत, त्या घरात, त्या तांब्याबद्दल मला एकानंही विचारलं नाही.

कार्तिकी पौर्णिमा झाली. महाराजांचा विहार झाला, मी नियम पूर्ण केल्याचं अर्घ्य चढवलं आणि घरी आले. ह्यांना सगळं कसं सांगायचं ते वाटेत जुळवत होते. गोठ्यातला खुंट हललाय, तो बदलायला हवा, तिथून सुरुवात करायची. हललेला होताच तो.

गाय बाहेर बांधलेली होती. गोठ्याच्या दाराशी हे पहार घेऊन उभे होते.

“आलीस?” म्हणाले. “नियम संपला ना?”

“संपला.”

“मग पान आण केळीचं. गांडुळं बघ. मी खणतो.”

मी पान आणलं. त्यांनी जमीन खणली. वीतभर, मग हातभर, मग त्याच्या खाली. पहारेच्या टोकाला मऊ आवाज आला. त्यांनी हातानं माती बाजूला केली. पितळी तांब्या होता, तोंडाला फडकं आणि त्यावर लाखेचा गोळा. तो त्यांनी हळूच वर काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

“हुसेनबी मणेरनीचा,” ते म्हणाले.

मी पान खाली ठेवलं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“आईनं. तुला?”

“आत्तींनीच.”

मग त्यांना हसू फुटलं. “मला म्हणाली, राजूला सांगू नकोस. ती खोटं बोलत नाही. श्रेणिकनं विचारलं की पटकन सांगून मोकळी होईल. म्हणून मी तुला त्याच्यासमोर... ते मुंग्यांचं बोललो.”

“हं.”

“लागलं होतं ना?”

“लागलं होतं.”

“आणि ते यंत्र वाजलं तेव्हा मला वाटलं तू आता बोलणार. बाबू मिस्त्रीचं तूही ऐकलं होतंस.”

“तुम्ही ऐकलं होतं?” मी म्हटलं. “तुम्ही तर चिवडा खात होता.”

“चिवडा कानानं खातात काय?”

मग मी विचारलं, जे विचारायला नको होतं. “आत्तींनी तुम्हाला सांगितलंच होतं, तर ते यंत्र कशाला आणलंत? श्रावणात, श्रेणिकभाऊजी यायच्या आधी?”

त्यांनी पहार भिंतीला टेकवली. हाताची माती झटकली, आणि ती सगळी झडली तरी झटकत राहिले.

“ते विचारू नकोस,” म्हणाले.

मी विचारलं नाही. खैरून गुडघा धरून उठली होती तेव्हा ह्यांनी तिच्या डोक्यावर पाटी चढवली होती, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. आणि त्यानंतर चौकटीला घातलेली लाथ.

“बरं,” ते जरा वेळानं म्हणाले, “माझ्याबद्दल आई तुला काय म्हणाली होती? मला का सांगू नकोस?”

मी बांगड्या सारख्या केल्या.

“सांग की. तुझं सत्याचं व्रत आहे ना?”

सत्याचं व्रत आहेच. पण मौनाचंही आहे. ते कधी धरायचं याला घड्याळ नाही. मी तांब्यावरची माती पदरानं पुसू लागले. पुसून झाली तरी पुसत राहिले. ह्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

“कळलं,” ते म्हणाले. “बरोबर होतं तिचं.”

लाखेला त्यांनी हात लावला नाही. आत किती होते ते आम्हाला तेव्हाही कळलं नाही, अजूनही नाही. मी पाणी गाळायचं नवं फडकं काढून दिलं, त्यात त्यांनी तांब्या बांधला. खड्डा परत बुजवला, गाय आत आणली. हातपाय धुऊन धुवट सदरा घातला, टोपी झटकून डोक्यावर ठेवली. कुरुंदवाडला त्या दिवशी बाजार होता, आणि खैरून बाजारात ष्टँडच्या भिंतीला टेकून बसायची.

“मी येते,” मी म्हटलं. “वचन मीही दिलंय.”

“माझं जुनं आहे. तुझ्या आधी सांगितलं होतं तिनं मला.” सायकलच्या दांड्याला पिशवी अडकवताना ते म्हणाले, “पहिला हक्क माझा.”

मी चूल पेटवली होती. “चहा घेऊन जा. अजून सकाळपासून तोंडात पाणीही नाही तुमच्या.”

हा माणूस पर्युषणातसुद्धा न चुकता दोन वेळा जेवायचा, आणि माझ्या उपासाच्या दिवशी मुद्दाम माझ्यासमोर बसून भजी खायचा.

“आल्यावर,” ते म्हणाले.

हा कुठला नवा नियम, कुणासमोर घेतला, केव्हा घेतला, ते विचारावंसं वाटलं. पण चूल तशीच ठेवून मी फाटक उघडून धरलं. ते सायकलवर बसले नाहीत. तांब्याला धक्का नको म्हणून एका हातानं पिशवी धरून, उसाच्या कडेकडेनं, सायकल हातात घेऊन चालत निघाले.